एक वाव, एक हात

उजव्या तळहातावर, अंगठ्याच्या बुडाशी, मसुराएवढा एक फोड होता. डाव्या तळहातावर त्याच जागी काहीच नव्हतं. मी दोन्ही हात सकाळच्या उन्हात शेजारी शेजारी धरून पाहिले. डाव्या हातानं उजव्याइतकंच काम केलं होतं, पाणी तेवढंच ओढलं होतं. तरी त्याची कातडी शाबूत होती.

"घट्ट धरतेस," श्रीरंग म्हणाला. तो पडवीत बसून एका लाईफ जॅकेटचा तुटलेला पट्टा शिवत होता. "दांडा नुसता बोटांवर टेकवायचा असतो. तू बसमधला बार धरल्यासारखा आवळतेस."

"मग डाव्या हाताला फोड का नाही?"

"डावा हात शहाणा आहे तुझा."

स्वयंपाकघरातून कुंदाताईंचं हसू ऐकू आलं. कुंदाताई म्हणजे श्रीरंगची मोठी बहीण, माझी नणंद. आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांचं जेवणखाण त्या बघायच्या, आणि जेवणखाणाबाहेरचंही बरंच काही.

मी तेव्हा कुडाळच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत होते. श्रीरंगनं मुंबईची नोकरी सोडून भोगव्याला, त्यांच्या माडांच्या जागेत, कयाकचं, म्हणजे वल्ह्यानं चालवायच्या लांब, अरुंद बोटींचं, केंद्र काढलं होतं. मी शनिवार-रविवार आणि सुट्ट्यांत तिथे असे. दरवर्षी फेब्रुवारीत तो एक मोठी फेरी काढायचा. भोगव्याहून समुद्रात आत, दीपगृहाच्या खडकांपर्यंत, आणि दुपारी समुद्रावरून येणारा खारा वारा जोर धरायच्या आत परत. पहिली दोन वर्षं मी किनाऱ्यावर उभी राहून हात हलवला होता. त्या वर्षी मी जाणार होते. दोघांच्या बोटीत, पुढच्या जागेवर.

अडचण एकच होती, उजवा खांदा. कुडाळच्या डॉक्टरांनी हात वर करून, मागे वळवून पाहिला होता आणि सांगितलं होतं की हा पुन्हा दुखावला तर वल्हवणं कायमचं विसरा. ते हे श्रीरंगसमोर बोलले होते. त्यामुळे मी किनाऱ्यावर थांबावं की नाही, हा प्रश्न आमच्या घरात रोज चहाबरोबर यायचा.

फोडाचं कारण मला त्याच सकाळी कळलं. आमची वल्ही कार्बनची होती, काळी, चकचकीत, रुंद पात्यांची. दांड्याच्या दोन टोकांची पाती एकमेकांशी कोन करून बसवलेली. एक पातं पाण्यात असताना हवेतलं दुसरं वाऱ्याला आपली धार दाखवतं, म्हणजे वारा त्याला अडवत नाही. कल्पना हुशारीची आहे. पण त्यासाठी प्रत्येक फेऱ्याला उजवं मनगट मागे मुरडावं लागतं. डाव्याला ते करावं लागत नाही. फोड त्या मुरडण्याचा होता. आणि खांदाही उजवाच दुखत होता.

"श्रीरंग, दोष माझ्या मुठीचा नाही. वल्ह्याचा आहे."

"सगळं जग हे वल्हं वापरतं."

"सगळं जग माझ्या खांद्यानं वापरत नाही."

"हे बघ," तो सुई दातांत धरून म्हणाला, "मग तूच एखादं बनव."

तो हे गमतीनं म्हणाला होता. मी पुढच्याच शनिवारी परुळ्याला बाबल मेस्त्रींच्या कारखान्यात गेले.

उत्तर ध्रुवाजवळचे लोक शेकडो वर्षं कयाक वल्हवत आले आहेत. त्यांच्या वल्ह्याची आकृती मी आधीच काढून ठेवली होती. पातं अरुंद, चार बोटं सहज मावतील एवढं, पण लांबच लांब. दांडा कुठे संपला आणि पातं कुठे सुरू झालं, पटकन कळत नाही. दोन्ही पाती एकाच पातळीत, कोन नाही, म्हणून मनगट मुरडायचं कारण नाही. रुंद पातं पाण्यात एकदम अडकतं आणि सगळा भार पहिल्या क्षणी खांद्यावर घेतं. अरुंद पातं पाणी हळूहळू पकडतं. प्रत्येक फेऱ्याला जोर कमी, फेरे जास्त, काम एकूण तेवढंच. बाजाराची मोठी पिशवी एका खेपेत आणायची की दोन लहान पिशव्या दोन खेपांत, एवढाच फरक. माझ्या खांद्याला दोन खेपा परवडत होत्या.

त्याचं माप मला सर्वांत आवडलं होतं. त्या वल्ह्याला ठरावीक लांबी नसते. जो वल्हवणार त्यानं दोन्ही हात आडवे पसरायचे आणि त्या अंतरात आपल्याच कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतची लांबी मिळवायची. आमच्याकडचे मच्छीमार पाण्याची खोली आणि दोरी पसरलेल्या हातांनीच मोजतात, आणि त्या मापाला वाव म्हणतात. म्हणजे एक वाव, एक हात.

मेस्त्रींनी शिवणीच्या लाकडाची फळी काढून ठेवली होती. हलकी, सरळ रेषांची. त्यांनी कानामागची पेन्सिल काढली.

"कोणाचो वाव धरूचो?"

"माझा."

"तुमचो?"

"वल्हवणार मी आहे."

"तां खरां. पण आमच्यात वाव म्हटलो की तांडेलाचो. रशी असांदे, जाळां असांदे. होडयेर जो मोठो तो हात पसरतलो, बाकीचे मोजतले."

"मग आज मी पसरते. तुम्ही मोजा."

त्यांनी पेन्सिल पुन्हा कानामागे खोचली. मग त्यांनी सुतळीचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि दुसरं टोक ओढत दुसऱ्या हातापर्यंत गेले. मी हात पसरून उभी राहिले. कारखान्यात रंधा मारणारे दोघे जण काम थांबवून बघत होते. मीही त्यांच्याकडे बघितलं. रंधे पुन्हा सुरू झाले.

कापणं मेस्त्रींनी केलं, तासणं मी केलं. चार रविवार लागले. दर रविवारी ते एकदा येऊन पात्यावर पंजा ठेवायचे आणि मान हलवायचे. "बाईनूं, जरा रुंद ठेवा. ह्या पात्यान तुम्ही समुद्र नाय, ताक ढवळतालास." मी रुंद ठेवलं नाही. शेवटी जवसाचं तेल पाजलं तेव्हा लाकूड मधासारखं पिवळं झालं आणि मेस्त्री म्हणाले, "दिसता बाकी बरां."

घरी पहिलं स्वागत कुंदाताईंनी केलं. त्या विहिरीवरून येत होत्या.

"ह्यां धोपाटणां कित्याक हाडलंस गो? आमच्याकडे वॉशिंग मशीन आसा."

श्रीरंगला तो शब्द फार आवडला. त्या दिवसापासून माझं वल्हं धोपाटणं झालं. मी त्याच्या वल्ह्याला पळी म्हणू लागले. कपडे बडवायचं आणि आमटी वाढायचं, दोन्ही स्वयंपाकघराच्या आसपासचंच. पण हसणं त्याच्या बाजूचं जास्त होतं, कारण पाहुणेही त्यात सामील व्हायचे.

"वजन कर ना," तो म्हणाला. मी केलं. लाकडी वल्हं जड निघालं. मी तसं सांगितलं.

"झालं तर मग."

"वजन हा एकच निकष नाही. उचलून धरायचं असतं तर असता."

"विभा, माझं ऐक." आता तो हसत नव्हता. "खाडीत तू काहीही वापर. पण तिथे बाहेर लाट आडवी आली तर मला पात्याला पकड हवी, तुलाही हवी. शिवाय सगळ्यांकडे एकसारखी वल्ही असली की कोणाचं मोडलं तर कोणाचंही कोणालाही देता येतं. हा समुद्र आहे. तुझी प्रयोगशाळा नाही. तिथे प्रयोगाला वाव नसतो."

मला हसू आलं.

"काय झालं?"

"काही नाही. वाव मोजूनच आणलाय मी."

त्याला ते कळलं नाही, आणि मी सांगितलं नाही. तो म्हणाला, "कार्बननं खांदा दुखत असेल तर या वर्षी थांब. समुद्र कुठे पळून जात नाही."

त्याच्या बोलण्यात काळजी होती, हे मला तेव्हाही दिसत होतं. दोन वर्षांपूर्वी, अगदी पहिल्या हंगामात, मी एकटीच्या बोटीतून जाताना कर्ली नदीच्या मुखाशी लाटेत उलटले होते. त्यानंच मला बाहेर काढलं होतं. मी खोकत वाळूवर बसले असताना तो माझ्यापेक्षा जास्त थरथरत होता. पुढच्याच महिन्यात त्यानं दोघांची बोट आणली. "तुझ्यासाठी," म्हणाला. मी आभार मानले. त्यानंतर दर हंगामात त्याला एक गोष्ट सांगायची राहून जात होती. एवढ्या प्रेमानं आणलेल्या वस्तूबद्दल ते वाक्य कसं सुरू करायचं, ते मला सापडत नव्हतं.

दरम्यान मी आठवड्यातून एकदा, कॉलेज लवकर सुटलं की, खाडीत छातीएवढ्या पाण्यात जाऊन एकटीची बोट मुद्दाम उलटी करायचे आणि पुन्हा आत चढायचे. मग थोड्या खोल पाण्यात. मग वाऱ्यात. हे फक्त कुंदाताईंना माहीत होतं. ओले कपडे त्यांच्या दोरीवर वाळायचे. त्यांनी एकदाच विचारलं, "किती वेळा पडतलंस?" मी म्हटलं, "चढता येईपर्यंत." नंतर चढता येत असूनही जातच राहिले.

फेरीच्या आधीच्या रविवारी श्रीरंगनं मला दोघांच्या बोटीतून सरावाला नेलं. माझ्या हातात कार्बनचं वल्हं. लाकडी वल्हं मी मागच्या बाजूला दोरीत अडकवून ठेवलं होतं. तो म्हणाला, "हौस म्हणून राहू दे."

जाताना जमिनीवरून येणारा मतलई वारा पाठीशी होता. बोट सुंदर चालली. परतताना तो अजून पडला नव्हता आणि आता समोरून यायला लागला. त्या बोटीत बसायची आमची एक पद्धत पडून गेली होती. पुढे मी, मागे तो. सुकाणू त्याच्या पायाशी, आणि तालही त्याचाच. तो मागून "एक, दोन, एक, दोन" म्हणायचा आणि मी त्या आवाजावर हात चालवायचे. वारा समोरून असला की आवाज माझ्यापर्यंत यायचाच नाही. मग वल्ह्यावर वल्हं आपटायचं. खट. आणि मागून यायचं, "लक्ष कुठे आहे?"

त्या दिवशी तिसऱ्या वेळेला खट झालं तेव्हा मी न वळता म्हटलं, "श्रीरंग, तुला मी दिसते का?"

"म्हणजे?"

"तुला माझे हात दिसतात. मला तुझे दिसत नाहीत. मग कोणी कोणाचं बघून वल्हवायचं?"

"कप्तान मागे बसतो, विभा."

"सुकाणूसाठी बसतो. तालासाठी नाही."

"आता भौतिकशास्त्र नको. ओढ."

मी ओढलं. पातं पाण्यात अडकलं, खांद्यात काहीतरी सरकलं आणि कोपरापर्यंत कळ गेली. मी हात खाली घेतला.

"थांबू नकोस. आडवे होऊ. ताल धर."

मी थांबले. कार्बनचं वल्हं मांडीवर आडवं ठेवलं. "माझं वल्हं पुढे दे," मी म्हटलं.

"विभा, आत्ता नाही."

"आत्ताच."

बोट आडवी व्हायला लागली होती. लाटा कुशीवर बसत होत्या. त्यानं पुटपुटत दोरी सोडली आणि लाकडी वल्हं माझ्या खांद्यावरून पुढे सरकवलं. मी काळं वल्हं मागे दिलं.

पहिले काही फेरे वाईट गेले. अरुंद पातं तिरकं धरून बुडवायचं असतं, सरळ धरलं तर थरथरतं. मग हातांना आठवलं. हात छातीच्या वर न्यायची गरज नव्हती. खांदा खाली राहिला, कंबर वळू लागली. वाऱ्याला त्या पात्यात धरायला काही सापडत नव्हतं. मी छोटे, भरभर फेरे घेत होते, त्याच्या तालापेक्षा बरेच जलद.

खट. पुन्हा खट.

"हळू घे, विभा."

मी हळू घेतलं नाही.

"अगं, मला जमत नाहीये तुझ्याबरोबर."

"बघून वल्हव," मी म्हटलं.

तो थांबला. थोडा वेळ बोटीत फक्त माझंच वल्हं चालत होतं, आणि तरी बोट पुढे जात होती. हे त्यालाही जाणवलं असणार. मग मागून पाण्याचा आवाज आला, माझ्या आवाजाबरोबर. किनाऱ्यापर्यंत पुन्हा खट झालं नाही. तोही "एक, दोन" म्हणाला नाही.

वाळूवर उतरल्यावर मी खांदा फिरवून पाहिला. दुखत होता, पण फिरत होता. श्रीरंग बोट ओढत म्हणाला, "वारा पडला शेवटी, म्हणून जमलं."

वारा पडला नव्हता. माडांकडे बघून कोणालाही कळलं असतं. मी त्याला माड दाखवले नाहीत.

फेरीच्या सकाळी फेरीसाठी पुण्याहून आलेल्या एका क्लबची मंडळी वाळूवर जमली. उजाडलं होतं, पाणी काचेसारखं होतं. खडकांवरचं दीपगृह क्षितिजावर पांढऱ्या खुंटीएवढं दिसत होतं. पळसुले नावाच्या एक बाई, पन्नाशी उलटलेल्या, बोटींच्या रांगेत फिरत होत्या. त्या माझ्या वल्ह्यापाशी थांबल्या.

"हे काय वेगळंच?"

"धोपाटणां," कुंदाताई चहाची किटली घेऊन मागून म्हणाल्या. "कपडे धुवक जातत दोघां, दीपगृहाकडे."

बाई हसल्या. त्यांनी वल्हं उचललं, हातात फिरवलं. "माझ्या हाताला लांब पडतंय."

"माझ्या मापाचं आहे," मी म्हटलं. "तुमचं तुमच्या मापाचं करावं लागेल."

श्रीरंगनं टाळी वाजवली आणि सगळ्यांना जवळ बोलावलं. वारा, लाटा, कोणी कोणाच्या शेजारी राहायचं, शिट्टीचे अर्थ. हे तो फार छान सांगायचा, माणसं निर्धास्त व्हायची. क्लबचे एक कामत म्हणून सभासद ऐन वेळी आले नव्हते. "त्यांची ती एकट्याची पिवळी बोट इथेच राहू दे," तो म्हणाला. मग त्यानं माझ्याकडे बघितलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर ते हसू आलं ज्याच्यासाठी मी एकेकाळी मुंबई सोडायला एकाच संध्याकाळी तयार झाले होते.

"आता घरचा मामला. गेला महिनाभर आमच्याकडे दोन पक्ष आहेत. एक कार्बनचा, एक लाकडाचा. मी आज सर्वांसमक्ष माघार घेतो. विभा तिच्या लाकडी वल्ह्यानंच येईल. पुढच्या जागेवर. ताल मी मागून सांभाळून घेईन."

मंडळींनी टाळ्या वाजवल्या. "हरलंस रे बाबा," कुंदाताई म्हणाल्या. कोणीतरी शिट्टी मारली. श्रीरंगनं थोडं वाकून मला जागा करून दिली, नाटकातल्यासारखं, आणि दोघांच्या बोटीकडे हात केला. पुढच्या जागेवरचं कापड त्यानं आधीच काढून ठेवलं होतं.

मी वल्हं हातात घेऊन उभी होते. महिनाभर ज्याच्यासाठी भांडले होते ते मला मिळालं होतं, आणि मी बोटीकडे पाऊल टाकत नव्हते. काळं की पिवळं, रुंद की अरुंद, जड की हलकं, हे सगळं मी बरोबर मोजलं होतं आणि त्यानं ते मान्यही केलं होतं. तरी पुढची जागा तीच होती, आणि ताल मागूनच येणार होता. तो वल्हं सोडायला तयार होता, कारण वल्हं सोडून त्याचं काहीच सुटत नव्हतं. मीही वल्ह्यावरच भांडत राहिले होते, कारण वल्ह्याबद्दल बोलणं सोपं होतं.

"चल ना," तो हलक्या आवाजात म्हणाला. "लोक थांबलेत."

मी दोघांच्या बोटीला वळसा घालून पलीकडे गेले. पिवळ्या बोटीपाशी वल्हं वाळूत रोवलं. कुंदाताईंनी किटली खाली ठेवली.

"तिकडे कुठे?" श्रीरंगनं विचारलं.

"वल्ह्याचं ठरलं," मी म्हटलं. "आता बोटीचं सांगते."

"बोटीचं काय?"

"उलटली तर मला एकटीला आत चढता येतं. वाऱ्यात येतं, खोल पाण्यात येतं. पाहिजे तर आत्ता सर्वांसमोर करून दाखवते."

"कधी शिकलीस?"

"तू विचारलं नाहीस तेव्हा."

पळसुले बाई आपल्या बोटीवर वाकून कसला तरी पट्टा आवळत होत्या, जो आधीच आवळलेला होता. श्रीरंग दोन पावलं जवळ आला. त्याचा आवाज लहान झाला होता.

"विभा, ती बोट मी तुझ्यासाठी आणली होती."

"माहीत आहे."

"मग?"

आता वाक्य सुरू करायचा प्रश्न नव्हता. ते तीन हंगाम तोंडात तयार होतं.

"मी दोघांच्या बोटीत बसणार नाही, श्रीरंग. आज नाही, आणि यापुढेही नाही. माझी बोट मी वल्हवणार."